मुक्त कीं फुकट?

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं आम्ही बोरिवलीहून अंधेरीस येत होतों. समोरच्या बांकावर तीन तरुण गृहस्थ बसले होते. कांदिवलीच्या पुढें गाडी सिग्नलशीं खोळंबली आणि खोळंबलेल्या गाडींत जें नेहमीं होतें तेंच झालें: हातांतल्या फोनवर आलेल्या बातम्यांवर मतें सुटूं लागलीं. कोणत्या कंपनीनें कोणती नवी वस्तु बाजारांत आणली, कोणी किती नोकर कमी केले, हे विषय उरकून मंडळी ‘ओपन सोर्स’ या विषयावर आली. पहिले गृहस्थ म्हणाले, “जें फुकट मिळतें त्याला किंमत कोण देतो?” दुसरे म्हणाले, “किंमत आहे हो, पण ती आपल्या इंजिनिअर लोकांना. घरच्या माणसाचा त्याच्याशीं काय संबंध?” तिसरे बराच वेळ गप्प होते, ते म्हणाले, “आणि मराठीचा तर त्याहूनही नाहीं.” इतक्यांत गाडी सुटली आणि विषयही सुटला.

मतें सहज बोललेलीं होतीं. बोलणारांनीं तीं जोगेश्वरी येईपर्यंत विसरूनही टाकलीं असतील. परंतु समाजाचे बहुतेक व्यवहार अशा सहज बोललेल्या मतांवरच चालतात, विचारपूर्वक लिहिलेल्या ग्रंथांवर नव्हे. म्हणून या तिन्ही मतांचें थोडें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे. साहित्याच्या अध्यापकानें या भानगडींत कां पडावें, असा प्रश्न कोणी करील. त्याला उत्तर एवढेंच कीं, आज मराठी लिहिली जाते, छापली जाते आणि साठविली जाते ती या साधनावर. ज्या काळीं खिळे होते त्या काळीं टीकाकारानें छपाईच्या गुणदोषांची दखल घेतली, तर आज त्यानें संगणकाकडे पाठ कां फिरवावी?

पहिल्या मताचा सारा भार ‘फुकट’ या एका शब्दावर आहे. या चळवळीचा उगम अमेरिकेंतला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रसिद्ध संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे काम करीत असतां तेथें एक नवें छपाईचें यंत्र आलें. त्यांत कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या वेळीं त्यांनीं त्याच्या आज्ञावलींत थोडी दुरुस्ती करून कागद अडकल्याची सूचना मिळण्याची सोय केली होती; पण नव्या यंत्राची आज्ञावली त्यांना वाचावयास मिळेना. ज्यांच्याजवळ ती होती त्यांनीं ती न देण्याचें वचन दुसऱ्यास दिलेलें होतें. गोष्ट क्षुल्लक, परंतु तिच्यांतून मोठा प्रश्न उभा राहिला: जें साधन मी वापरतों तें बिघडल्यास मला तें दुरुस्त करण्याचा अधिकार आहे कीं नाहीं? १९८३ सालीं स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या नांवानें एक संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ सालीं त्यासाठीं संस्था काढली, आणि १९८९ सालीं एक परवानापत्र सिद्ध केलें. १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यांनीं ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढें तो याच परवान्याखालीं खुला केला. संकल्पाला शरीर मिळालें तें तेव्हां.

आतां मौज पाहा. इंग्रजींत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे स्वतंत्र आणि विनामूल्य असे दोन अर्थ होतात. त्यामुळें या मंडळींना जन्मभर एकच खुलासा करीत बसावें लागलें कीं, आम्ही वाक्स्वातंत्र्याबद्दल बोलतों, फुकटच्या बिअरबद्दल नव्हे. १९९८ सालीं कांहीं जणांनीं ‘ओपन सोर्स’ हें दुसरें नांव काढलें, त्याचें एक कारण हाच घोटाळा टाळावा आणि व्यापारी मंडळी बुजूं नयेत हें होतें. मराठीला ही अडचण मुळींच नाहीं. आपल्याजवळ ‘मुक्त’ आहे आणि ‘फुकट’ही आहे, आणि या दोन शब्दांत जें अंतर आहे तें शेंबड्या पोरालाही कळतें. पिंजऱ्यांतल्या राघूला डाळ फुकट मिळते. तो मुक्त नसतो. असें असूनही तंत्रवार्ता लिहिणारे आमचे बहुतेक लेखक ‘फ्री’ शब्द दिसतांच ‘मोफत’ लिहून मोकळे होतात. जो घोळ आमच्या भाषेनें होऊं दिला नाहीं, तो आमच्या वृत्तपत्रांनीं करून दाखविला आहे! वास्तविक या परवान्याखालची आज्ञावली पैसे घेऊन विकण्यास कसलीही मनाई नाहीं. अट आहे ती वेगळीच: घेणारास ती वाचतां, बदलतां आणि दुसऱ्यास देतां आली पाहिजे, आणि त्यानें पुढें दिली तर हेच अधिकार पुढच्यालाही मिळाले पाहिजेत.

रूढ झालेला ‘मुक्त स्रोत’ हा शब्दही आम्हांस समाधानकारक वाटत नाहीं. ‘स्रोत’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें पाणी येतें, मजकूर येत नाहीं. आणि येथें गोष्ट तर मजकुराची आहे. आज्ञावली माणसें लिहितात, माणसांना वाचतां येईल अशा भाषेंत. मग तिचें रूपांतर यंत्राला कळेल पण माणसाला कळणार नाहीं अशा आंकड्यांच्या रांगेंत करतात. बाजारांत बहुधा हें दुसरें रूपच मिळतें. पहिलें रूप तें मूळ लेखन. त्याला ‘मूळ संहिता’ म्हटलें तर काय बिघडेल? या शब्दानें मराठी वाचक परक्या प्रदेशांतून एकदम आपल्या अंगणांत येतो. संहिता म्हटली कीं प्रती आल्या, पाठभेद आले, प्रक्षेप आले. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं तडीस गेलें. प्रत्येक श्लोकाखालीं कोणत्या पोथींत कोणता पाठ आहे याची नोंद तिनें दिली. संपादकाचा निर्णय पटला नाहीं तर वाचकानें तळटीप पाहावी आणि स्वतःचा निर्णय करावा. मुक्त आज्ञावलीच्या भांडारांत हेंच चालतें: कोणत्या दिवशीं, कोणी, कोणती ओळ, कां बदलली, याची नोंद राहते आणि ती कोणासही पाहतां येते.

प्रक्षेपाचा प्रश्नही आमच्या परंपरेला नवा नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढें कोणी तींत आपली ओवी घुसडूं नये असें बजावून ठेविलें. त्यांची चिंता रास्त होती. दर लेखक आपली भर घालीत गेला तर मूळ कोणतें हेंच कळेनासें होतें. मुक्त परवान्यांनीं या चिंतेला निराळें उत्तर दिलें आहे. ते ओवी घालूं देतात, मात्र लपवून नव्हे. बदल केला असल्यास तसें व तारखेसह नमूद करावें, असें स्टॉलमन यांचा परवाना सांगतो. आणि अक्षरांच्या फॉन्टसाठीं जो मुक्त परवाना आज सर्वत्र चालतो त्यांत, मूळ कर्त्यानें राखून ठेवलेलें नांव बदललेल्या कृतीस त्याच्या परवानगीविना देतां येत नाहीं. तुमची ओवी तुम्ही खुशाल रचा. तिला ज्ञानेश्वरी म्हणूं नका, इतकेंच!

आतां दुसरें मत: घरच्या माणसाचा काय संबंध? ज्या फोनवर बातमी वाचून हें मत बोललें गेलें तो अँड्रॉइड जातीचा असेल तर त्याच्या गाभ्याशीं लिनक्सच आहे. जगांतल्या अतिवेगवान ५०० संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतला प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आला आहे. पण हीं उदाहरणें संबंध सिद्ध करतात, गरज सिद्ध करीत नाहींत. कारण पायाखालचा दगड कोणत्या खाणींतला हें माहीत नसतांही माणूस जिना चढतोच. म्हणून आम्ही स्वतःवर गुदरलेली हकीगत सांगतों.

१९९९ सालीं, नोकरींत नुकतेच स्थिर होत असतां, आम्हीं मराठी निबंधावरील आपला प्रबंध अंधेरी स्टेशनाजवळच्या एका दुकानांत टंकलिखित करून घेतला. चारशें पानें. फ्लॉपीच्या चार चकत्या मिळाल्या. पुढें त्या एका सीडीवर उतरवून कपाटांत ठेविल्या. वीस वर्षांनीं प्रबंध पुस्तकरूपानें काढावा असें मनांत आलें, तेव्हां सीडी उघडली. पडद्यावर रोमन अक्षरें, त्यांवर टोप्या, टिंबें आणि काने. मराठीचा मागमूस नाहीं. आमचें सर्व लेखन त्या चारशें पानांत होतें, आणि त्यांतली एकही ओळ आम्हांस वाचतां येईना. दुकान केव्हांच बंद झालें होतें. ज्या फॉन्टांत मजकूर बसविला होता तो विकणारी मंडळी नवी आवृत्ति घ्या म्हणाली, आणि नवी आवृत्ति जुनी फाइल उघडीना.

असें कां झालें हें समजून घेण्यासारखें आहे. त्या काळच्या पद्धतींत अक्षरांसाठीं जेमतेम २५६ घरें असत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे अर्धे-पाव तुकडे बसविले जात आणि कोणता तुकडा कोणत्या घरांत हें जो तो विक्रेता आपल्या मर्जीनें ठरवी. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं एक सर्वमान्य क्रम ठरवून दिला होता. परंतु छपाईच्या धंद्यांत ज्याचा त्याचा क्रम चालूच राहिला. म्हणजे फॉन्ट गेला कीं किल्ली गेली आणि किल्ली गेली कीं मजकूर गेला. आज युनिकोडमुळें प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. पण मधल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रांत जें टंकलिखित झालें, दिवाळी अंक, प्रबंध, संस्थांचे अहवाल, गांवोगांवचीं स्मरणिका-पुस्तकें, त्यांतलें किती आज कपाटांत मुकें होऊन पडलें असेल याचा विचार मन खिन्न करतो. शंभर वर्षांपूर्वीं निर्णयसागरांत छापलेली पोथी आमच्या घरीं आजही वाचतां येते. पंचवीस वर्षांपूर्वींचा आमचा प्रबंध येईना!

सुटका झाली ती अशी. घाटकोपरास राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी मदतीस आला. अशा जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्यें पालटणारी एक लहानशी आज्ञावली कोणा अपरिचित माणसानें लिहून संहितेसह जगाला देऊन ठेविली होती. ती चालवून पाहिली तों निम्मा मजकूर उमटला, निम्मा नाहीं. कारण आमच्या फॉन्टाची घरें किंचित् निराळीं होतीं. आज्ञावली केवळ फुकट असती तर गोष्ट येथेंच संपती. परंतु ती मुक्त होती. विद्यार्थ्यानें संहिता उघडली, आमच्या छापील प्रतीशीं एकेक अक्षर ताडून पाहिलें, आणि दोन रविवार खर्चून तींत साठ-सत्तर ओळींची भर घातली. प्रबंध बोलूं लागला. एकच खोड राहिली: ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला भेद यंत्राला कळेना, त्यामुळें आमच्या एका प्रकरणांत लग्नाच्या पंक्तीची व्यवस्था आचाऱ्यांऐवजीं आचार्यांकडे गेली! तीही त्यानें पुढें नीट केली. आम्ही उपकार मानूं लागलों तेव्हां तो म्हणाला, “सर, मीं भर घातली ती मूळ लेखकाकडे परत पाठवली आहे. आणखी कोणाचा तरी प्रबंध निघेल तींतून.” मुक्त आणि फुकट यांतला फरक कोणत्याही कोशापेक्षां आम्हांस या वाक्यानें अधिक कळला.

याचा अर्थ मुक्त म्हणजे निर्दोष असा मात्र नव्हे. २०२४ च्या मार्चअखेर ‘एक्सझेड’ नांवाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या एका आज्ञावलींत चोरदरवाजा सांपडला. ती सांभाळणारा गृहस्थ एकटा, बिनपगारी आणि थकलेला होता. टोपणनांवानें आलेल्या एका मदतनिसानें दोन वर्षांहून अधिक काळ चांगलें काम करून विश्वास संपादिला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश मिळण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद उशीर कां लागतो अशी शंका आली, आणि तिचा माग काढतां काढतां हें कारस्थान उघड झालें. वाड्याचा दरवाजा उघडा होता म्हणून चोर शिरला, आणि तो उघडा होता म्हणूनच शेजाऱ्याला दिसला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यांतली खरी उणीव उघडेपणाची नसून, साऱ्या जगानें ज्याच्या खांद्यावर ओझें टाकलें त्या एकट्या माणसाची विचारपूस कोणी केली नाहीं, ही आहे. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणारांत मोठमोठ्या कंपन्या आहेत, तसे आपणही आहोंत.

तिसरें मत मराठीविषयींचें. तें आम्हांस सर्वांत अधिक लागलें, कारण तें मराठी माणसानें मराठींत बोललेलें होतें. देवनागरी आणि यंत्र यांची कुरकुर फार जुनी आहे. जोडाक्षरें आणि वरखालच्या मात्रा यांमुळें खिळ्यांची संख्या इतकी वाढे कीं, छपाईसाठीं लिपीच सुधारावी असा पक्ष निघाला. सावरकरांनीं ‘अ’ला वेलांट्या-उकार जोडण्याचा पुरस्कार केला आणि ‘किर्लोस्कर’ मासिकानें तें वळण चालवूनही पाहिलें. त्या काळीं यंत्र बदलतां येत नव्हतें, म्हणून लिपीला वांकण्यास सांगितलें गेलें. आज यंत्राला लिपीपुढें वांकवितां येतें. प्रश्न एवढाच कीं, वांकविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे? ‘ॲ’ हें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं आलें, तोंवर त्याला स्वतःचें घरच नव्हतें. ‘ल’ आणि ‘श’ यांचें मराठी वळण हिंदीहून वेगळें. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें तें प्रमाण ठरविलें. पण शासनानें ठरवून पडद्यावर अक्षर उमटत नाहीं. तें फॉन्ट रचणाराला रचावें लागतें. आणि फॉन्ट बंदिस्त असेल तर मालकाच्या मनांत येईपर्यंत वाट पाहावी लागते.

एकाच कलावंताच्या दोन कृति शेजारीं ठेवल्या म्हणजे हें स्पष्ट होतें. कै. र. कृ. जोशी हे कवि, सुलेखनकार आणि पवईच्या आय. आय. टी.तले अध्यापक, पुढें जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजींत त्यांनीं भारतीय लिप्यांचें काम केलें. त्यांचा ‘मंगल’ हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ बरोबर आला आणि कचेरी-कचेरींत पोंचला. त्यांचाच ‘रघु’ हा जुहूच्या संस्थेनें मुक्त परवान्याखालीं दिला, आणि मंगलच्या मानानें तो फारच थोड्यांच्या पाहण्यांत आला. मंगल सर्वांजवळ होता पण कोणाच्या हातचा नव्हता. रघु कोणाच्याही हातचा होता पण फारसा कोणाजवळ नव्हता. यावरून केवळ परवाना मुक्त असून भागत नाहीं, तो वापरणारा समाजही जागा लागतो, हें आम्ही मान्य करतों. पुढें मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींतल्या गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनीं रचलेल्या ‘मुक्ता’नें ही कोंडी बरीच फोडली. त्याची रेषा एकसारखी जाड, अक्षरांचीं पोटें मोकळीं, त्यामुळें फोनच्या लहान पडद्यावरही जोडाक्षर चेंगरत नाहीं. बोरूच्या वळणाची शोभा त्यांत नाहीं, आणि दीर्घ ललित लेखन वाचतांना ती उणीव आम्हांस भासते. परंतु ज्याला ती भासेल त्यानें ती भरून काढावी, अशी मुभा कर्त्यांनींच दिलेली आहे. टीकाकाराला याहून उदार ग्रंथकार कोठें भेटणार?

केरळांत २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या स्वयंसेवकांच्या मंडळीनें आपल्या लिपीसाठीं ‘मीरा’, ‘मंजरी’ असे फॉन्ट सिद्ध केले, आणि तेथील शाळांत मुलें मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. आमच्याकडे कांहींच नाहीं असें नव्हे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनींच, सुरू झाला, पवईच्या आय. आय. टी.नें मुक्त आज्ञावली शिकविणारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठींतही बोलते केले. साधनें आहेत, घरोघरीं त्यांची ओळख नाहीं. ती करून देण्याचें काम तंत्रवार्ता लिहिणारांचें, आणि ते अजून फोनच्या किमती आणि कॅमेऱ्याचे आंकडे यांतच गुंतले आहेत. पुस्तकाचें परीक्षण त्याच्या वजनावरून आणि पुठ्ठ्यावरून कोणी करीत नाहीं. मग आज्ञावलीचें कां करावें? ती वाचतां येते काय, दुरुस्त करतां येते काय, उद्यां विकणारा उठून गेला तर आमचें लेखन आमच्या हातीं राहतें काय, हे तीन प्रश्न ज्या परीक्षणांत नाहींत, त्याला आम्ही जाहिरात म्हणतों.

दोष त्यांनाच देऊन आम्हांस सुटतां येणार नाहीं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेला आमच्या घरचा पहिला संगणक चोरून उतरविलेल्या आज्ञावलीवर चालत असे, आणि त्याची आम्हांस लाज वाटत नसे. फुकटाची गोडी आम्हांसही होती. मुक्ततेची किंमत चारशें पानें मुकीं झालीं तेव्हां कळली. तेव्हां प्रत्येक घरानें निदान एक काम करावें असें आम्ही सुचवितों. येत्या रविवारीं आपल्या कपाटांतल्या जुन्या चकत्या काढाव्या, वडिलांचें आत्मवृत्त, आजीच्या पाककृती, संस्थेचा सुवर्णमहोत्सवी अंक, जें असेल तें उघडून पाहावें. उघडलें तर तें युनिकोडांत उतरवून ठेवावें. न उघडलें, तर शेजारच्या एखाद्या इंजिनिअर मुलाला हांक मारावी. आमच्या समोरच्या बांकावरचे ते तीन गृहस्थ अंधेरीसच उतरले. सीप्झच्या बाजूला जाणाऱ्या गर्दींत ते दिसेनासे झाले. त्यांतला कोणी घाटकोपरच्या आमच्या विद्यार्थ्यासारखा निघेल, अशी आम्हांस आशा आहे.